दाराबाहेरचे बूट

ट्रॉम्सोत सूर्य परतायला अजून नऊ दिवस होते.
मत्स्यसंशोधन केंद्राच्या तळघरात चार यंत्रं,
चार कंपन्यांची, चार जातींचं युनिक्स.
नावं आम्ही माशांची ठेवलेली:
तोर्स्क, सेई, लोद्दे
आणि म्हातारी क्वेइते, जिचा पंखा खोकायचा.
टपाल मात्र सगळ्यांचं एकाच डिस्कवर,
तारेतून वाटून घेतलेलं.

ओड्वार जिना उतरून आला. हातात छापलेला कागद.
आवाज न चढवता वाचून दाखवलं त्याने:
"आईला काल रात्री वार्डोहून हेलिकॉप्टरने नेलं,
डॉक्टर म्हणाले की
खोली दोनशे मीटर, तापमान तीन पूर्णांक एक, क्षारता"
पुढे बहिणीचं पत्र नव्हतं.
पुढे समुद्र होता.

काय झालं ते मला लगेच कळलं.
तोर्स्कवरचा टपाल्या एका रीतीने कडी लावत होता,
सेईवरचा दुसऱ्याच.
दोघांनी आपापली कडी ओढून पाहिली,
दोघांना दार बंद वाटलं,
आणि दोघे एकाच खोलीत, एकाच वहीत,
अंधारात लिहीत बसले.

ही कुलपं म्हणजे नुसता सल्ला.
विचारेल त्यालाच अडवतात.
न विचारता शिरणाऱ्याला
कोणी खाकरूनही दाखवत नाही.

मग रात्रभर बांधणी.
प्रोग्राम बांधला जाण्याआधी यंत्राला विचारतो:
फ्लॉक येतं का? लॉकेफ? एफ-कंट्रोल?
तोर्स्क म्हणालं, येतं. सेईही.
क्वेइते म्हणाली, फ्लॉक कोण ते मला ठाऊक नाही.
(मला आवडलं ते.)
लोद्दे सगळ्यालाच हो म्हणत होतं,
मुलाखतीला आलेल्या पोरासारखं.

पहाटे चारला, पहाट आपली म्हणायची,
डोक्यात आलं:
प्रश्न चुकीच्या खोलीत विचारतेय मी.
बांधणी होते यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर.
घरात एकटं असताना कोणाची कडी लागत नाही?
चाचणी उचलून सामायिक डिस्कवर नेली,
दोन यंत्रांवरून एकदम चालवली.
फ्लॉकचं विचारलं तर लोद्दे तेव्हाही हो म्हणालं.
दार सताड उघडं.

लिंगेनच्या काठावर आमच्या गावात एकच साउना होता.
कडी कधीच नव्हती त्याला.
आत जाणाऱ्याने बूट बाहेर काढायचे,
येणाऱ्याने बूट पाहून मागे फिरायचं.
टपालपेटीच्या शेजारी तसंच:
एक फाइल, तेच नाव, पुढे ठिपका आणि लॉक.
असली तर थांब.
दोघांनी एकदम ठेवली तर?
म्हणून आधी आपल्या नावाची वेगळी फाइल,
मग दुव्याने तीच दारात;
दुवे दोन भरले तरच आत.
एवढं तर क्वेइतेलाही समजतं.

चारही यंत्रांच्या फायलीत हाताने लिहिलं:
आधी बूट, मग एफ-कंट्रोलची कडी.
आधी बूट, मग कडी.
क्वेइतेच्या फायलीत पेंगत उलटं लिहिलं गेलं.
सेई बूट ठेवून कडीची वाट पाहतेय,
क्वेइते कडी धरून बुटांची.
पावणेसहा ते सहा वीस, दोघी निमूट.
मी कॉफी पीत होते. मला वाटलं, आता शांत झालं सगळं.

ओड्वारने त्याच दिवशी गुनवोरला फोन केला होता.
आई बरी होती, सूप पीत होती.
पत्रात पुढे काय लिहिलं होतंस, त्याने विचारलं.
गुनवोरला आठवेना.
काहीतरी होतं, म्हणाली,
फोनवर बोलायचं नव्हतं असं.

पुढच्या आठवड्यात वीज गेली.
परत आली तेव्हा ओड्वारच्या पेटीबाहेर बूट तसेच,
आत आकडा, अकरा हजार चारशे सात.
चारही यंत्रांवर शोधलं.
त्या आकड्याचं कोणी चालत नव्हतं.
नियम माझाच, बांधतानाच लिहिलेला:
दहा मिनिटं झाली की बूट उचलावेत.
यंत्राला मी तेवढ्यापुरतं थोपवलं,
अकरावं मिनिटही जाऊ दिलं,
आणि मग
हाताने उचलले.